युद्ध पेटले तर कमल बस्ती, हलशीचे देऊळ आणि घरातल्या पोथ्यांचे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातली देवस्थानची पंचमंडळी, वाचनालये आणि जुने कागद जपणारी घरे यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. कायदा आंतरराष्ट्रीय असला तरी त्यातली बरीचशी कामे शांततेच्या काळात गावातच करायची असतात, आणि नेमकी तीच राहून जातात.

लढाई झाली तर ती काश्मीर-पंजाबात नाहीतर लडाखात. बेळगावने कशाला काळजी करायची?

सीमेपासून किती दूर, एवढ्यावर आता धोका ठरत नाही. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि ड्रोन आतल्या भागातल्या लष्करी ठिकाणांपर्यंत पोचतात, आणि बेळगावात तशी ठिकाणे आहेत. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, शहरालगत पुणे-बंगळूर महामार्ग जातो, मिरज-लोंढा रेल्वे शहरातूनच जाते. याच छावणीच्या परिसरात किल्ला आहे. त्या किल्ल्यात रट्ट घराण्याच्या काळातली, इ.स. १२०४ च्या सुमाराची कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर) आहे आणि सोळाव्या शतकातली साफा मशीद आहे. म्हणजे लष्कर आणि वारसा इथे एका तटाच्या आत नांदतात. देशात अशी ठिकाणे बरीच आहेत, पण आपल्याला प्रश्न पडतो तो आपल्याच दारातल्या किल्ल्याचा.

नेमका कोणता कायदा लागू होतो?

मुख्य आधार १९५४ चा हेग करार. सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक मालमत्तेचे रक्षण कसे करायचे, हे त्यात सांगितले आहे. भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला, आणि त्याच वेळी पहिला प्रोटोकॉलही (प्रोटोकॉल म्हणजे मूळ कराराला जोडलेला पूरक करार). पाकिस्तान आणि चीन हे दोघेही या कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांशी लढाई झाली तर तो दोन्ही बाजूंवर बंधनकारक राहतो.

भारताने न स्वीकारलेली कागदपत्रेही माहीत असावीत, कारण भाषणांत त्यांचा सर्रास दाखला दिला जातो. १९९९ चा दुसरा प्रोटोकॉल, जिनिव्हा करारांचे १९७७ चे जादा प्रोटोकॉल आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोम करार, या तिन्हींत भारत नाही.

देशाच्या आत पाच कायदे उपयोगी पडतात : प्राचीन स्मारके अधिनियम १९५८ (२०१० च्या दुरुस्तीसह), पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२, राज्य संरक्षित स्मारकांसाठी कर्नाटकचा १९६१ चा कायदा, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ आणि नागरी संरक्षण अधिनियम १९६८. राज्यघटनेच्या ४९ व्या कलमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली आहे.

दुसरा प्रोटोकॉल भारताने स्वीकारलेला नाही, याने प्रत्यक्षात काय बिघडते?

‘वर्धित संरक्षण’ नावाचा वरचा दर्जा त्या प्रोटोकॉलखाली मिळतो. भारतातल्या कुठल्याही वास्तूसाठी तो मागता येत नाही. त्या प्रोटोकॉलने लष्करी निकडीची व्याख्या घट्ट केली आणि गुन्ह्यांची यादी दिली, तेही भारतावर करार म्हणून बंधनकारक नाही. पण त्याच्या पाचव्या कलमात शांततेतली तयारी थोडक्यात आणि नेमकी मांडली आहे : वस्तूंची यादी करा, आग आणि पडझडीसाठी आराखडा ठेवा, हलवता येणाऱ्या वस्तू हलवण्याची किंवा जागेवरच झाकण्याची सोय करा, जबाबदार अधिकारी नेमा. ही चार कामे करायला कुणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही.

आमच्या गावचे देऊळ, वीरगळ, वाचनालय यात मोडते का?

करारातली व्याख्या रुंद आहे. स्थापत्य, कला किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोठे महत्त्व असलेल्या वास्तू, धार्मिक असोत वा नसोत, उत्खननाच्या जागा, हस्तलिखिते, ग्रंथ, दप्तरे, या वस्तू ठेवणारी संग्रहालये आणि मोठी ग्रंथालये, त्या हलवून ठेवण्यासाठी केलेली आश्रयस्थाने, हे सगळे त्यात येते. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, देगावचे कमलनारायण मंदिर, कित्तूरचा किल्ला आणि तिथले संग्रहालय यांच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

वीरगळ, गावची बस्ती, खासगी वाड्यातले मोडी दप्तर यांचे तसे नाही. ‘मोठे महत्त्व’ आहे की नाही, हे ठरवणे करारातल्या प्रत्येक देशावर सोडलेले आहे. सरकारी नोंद नसेल तर दावा लंगडा पडतो. तरीही ती वस्तू उघड्यावर पडत नाही, कारण नागरी वस्तूवर जाणूनबुजून हल्ला करणे युद्धाच्या रूढ नियमांनुसारही निषिद्ध आहे.

जागतिक वारसा यादीत बेळगाव जिल्ह्यातले एकही ठिकाण नाही. मग संरक्षण कमी?

नाही. हेग करार त्या यादीवर अवलंबून नाही. हंपी, पट्टदकल यांना जगात ओळख जास्त आहे एवढेच. कायद्यातली मूळ मनाई सर्वांसाठी सारखी.

किल्ल्यात लष्करी आस्थापना आहेत. मग कमल बस्तीचे संरक्षण जाते का?

सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात जास्त चुकीची उत्तरे मिळणारा प्रश्न हाच.

कराराच्या चौथ्या कलमात दोन कर्तव्ये एकत्र आहेत. शत्रूने सांस्कृतिक मालमत्तेवर हल्ला करू नये, हे लोकांना माहीत असते. पण त्याच वाक्यात, आणि त्याच्याही आधी, दुसरे कर्तव्य आहे : ज्याच्या ताब्यात ती वास्तू आहे त्या देशाने ती वास्तू आणि तिचा लगतचा परिसर, नाश ओढवेल अशा कामासाठी वापरू नये. म्हणजे पहिली जबाबदारी आपल्याच सरकारवर येते.

शेजारच्या इमारतीत लष्करी कार्यालय आहे म्हणून बस्ती आपोआप लक्ष्य ठरत नाही. प्रत्येक इमारतीचा विचार वेगळा होतो. तट, कार्यालय, गोदाम, बस्ती आणि मशीद या कायद्यापुढे पाच वेगळ्या वस्तू आहेत. धोका असतो तो नेम चुकण्याचा आणि हादऱ्याचा. शेजारच्या वैध लक्ष्यावर पडलेल्या बॉम्बने बस्तीचे नुकसान झाले, तर प्रत्येक वेळी तो गुन्हा ठरेलच असे नाही. लष्करी फायद्याच्या मानाने नुकसान अवाजवी होते का, आणि पुरेशी खबरदारी घेतली होती का, हे तपासले जाते.

कराराच्या आठव्या कलमातले ‘विशेष संरक्षण’ किल्ल्याला मिळवू, असेही सुचवले जाते. ते व्यवहारात जमणारे नाही. त्यासाठी वास्तू विमानतळ, महत्त्वाचे रेल्वे स्थानक, मुख्य दळणवळण मार्ग यांपासून पुरेशी दूर हवी आणि तिचा लष्करी वापर अजिबात नको. इतक्या कडक अटींमुळे जगातही ही नोंद फार थोड्या ठिकाणांनी घेतली; व्हॅटिकन सिटी हे त्यातले ठळक नाव.

करता येण्याजोगे काम साधे आहे. बस्ती आणि मशिदीच्या लगत दारूगोळा, इंधनाची पिंपे, वाहनतळ किंवा संदेशवहनाचे मनोरे येऊ नयेत, यासाठी पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडे लेखी विनंती द्यावी. खाते पुढे लष्करी अधिकाऱ्यांशी बोलते. सशस्त्र पहारेकरी किंवा नेहमीचे पोलीस असणे याला करार लष्करी वापर मानत नाही. विशेष संरक्षणाच्या कलमातच तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे पहारा काढा अशी मागणी करू नका.

आणि एक : या कामासाठी किल्ल्यात ड्रोन उडवू नका, लष्करी इमारतींचे फोटो काढू नका. हेतू कितीही चांगला असला तरी छावणीत ते प्रकरण भलतीकडे जाते, आणि बस्तीचा अर्ज बाजूला राहतो.

‘लष्करी निकड’ सांगून कुणीही काहीही पाडू शकतो का?

करारातली ही पळवाट खरी आहे. ती लपवण्यात अर्थ नाही. १९५४ च्या मजकुरात, लष्करी निकड अनिवार्य असेल तर हे बंधन बाजूला ठेवता येते. पण सोय म्हणून, वेळ वाचतो म्हणून किंवा सूड म्हणून नाही. सूडापोटी सांस्कृतिक मालमत्तेवर हल्ला करायला तर कराराने थेट बंदी घातली आहे, आणि निकडीची सबब चोरी-लुटीला अजिबात लागू होत नाही.

निळ्या ढालीचे चिन्ह देवळावर रंगवून घ्यावे का?

स्वतःहून नाही. हेग कराराने ठरवलेले हे चिन्ह असे असते : टोक खाली केलेली ढाल, तिच्यात कोनावर उभा गडद निळा चौकोन, त्याच्या वर निळा त्रिकोण आणि दोन्ही बाजूंना पांढरे त्रिकोण. साध्या संरक्षणातल्या वास्तूंवर ते एकदाच लावतात. विशेष संरक्षण असेल तर तीनदा, त्रिकोणी रचनेत.

स्थावर वास्तूवर हे चिन्ह लावताना त्यासोबत सक्षम अधिकाऱ्याची तारीख आणि सही असलेले परवानगीपत्र दिसेल असे लावावेच लागते. कमिटीचा ठराव किंवा ग्रामपंचायतीचा शिक्का त्या जागी चालत नाही. करारात सांगितलेल्या कामांखेरीज हे चिन्ह वापरायलाच मनाई आहे. म्हणून ते लेटरहेडवर, स्वयंसेवकांच्या टी-शर्टवर किंवा जत्रेच्या कमानीवर छापू नका. बनावट वापर वाढला की खऱ्या चिन्हाचीही किंमत जाते.

होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ऑइल पेंटने थेट दगडावर रंगवणे ही पहिली. दगडाची छिद्रे बुजतात, आतली ओल अडकते, पुढे पापुद्रे सुटतात. आणि स्मारक संरक्षित असेल तर रंगवणाऱ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. संरक्षित स्मारकाच्या नुकसानीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुसरी चूक म्हणजे रेड क्रॉसचे चिन्ह लावणे. ते वैद्यकीय सेवेचे चिन्ह आहे, देवळाचे नाही.

चिन्ह नसले तरी संरक्षण असतेच. आणि चिन्ह असले म्हणून तोफ थांबेल याचीही खात्री नसते. ६ डिसेंबर १९९१ रोजी क्रोएशियातल्या दुब्रोवनिकच्या जुन्या शहरावर तोफांचा मारा झाला, तेव्हा तिथे संरक्षणाची चिन्हे फडकत होती. पुढे खटला चालला तेव्हा मात्र त्याच चिन्हांमुळे ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणायला आरोपींना जागा उरली नाही.

युद्धाआधी गावात करायचे पहिले काम कोणते?

यादी. बाकी सगळे त्यानंतर.

एका वस्तूला एक पान. त्यावर क्रमांक, वस्तूचे नाव, द्रव्य (काळा पाषाण, पितळ, पंचधातू, ताडपत्र, कागद), सेंटिमीटरमध्ये उंची-रुंदी-जाडी, वजन घेता आले तर वजन, वस्तूवरचा लेख किंवा खुणा, अंदाजे काळ, सध्याची जागा, मालकी कुणाची, फोटो क्रमांक. आणि एक रकाना ठळक ठेवा : ओळखीची खूण. उजव्या हाताचे बोट तुटलेले, प्रभावळीला डावीकडे तडा, पाठीमागे जुन्या डागणीची रेघ. चोरीची वस्तू ओळखून परत मिळते ती बहुतेकदा अशा व्यंगांवरून. ‘सुंदर प्राचीन मूर्ती, उंची दोन फूट’ या वर्णनाने कुठल्याच न्यायालयात काही सिद्ध होत नाही.

तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानची नटराजमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनातून २०१४ मध्ये परत आली. ती तिथलीच हे दाखवताना पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे असलेले जुने फोटो कामी आले. ती चोरी शांततेच्या काळातली होती. युद्धात पळवलेल्या वस्तूसाठीही पुरावा हाच लागतो.

यादीच्या तीन प्रती करा : एक देवस्थानात, एक गावाबाहेर भरवशाच्या जागी, एक पुरातत्त्व खात्याला दिलेली आणि पोच घेतलेली. कागदावरची प्रत ठेवाच. वीज आणि नेटवर्क गेल्यावर पेन ड्राइव्ह उपयोगाचा नाही. मौल्यवान वस्तू कुठल्या कपाटात आहे, हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. हे सांगावे लागते, कारण लोक टाकतात.

फोटो मोबाइलने काढले तर चालतील?

चालतील, नीट काढले तर. मूर्तीचे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, शक्य असेल तर वरून आणि बैठकीचा, असे फोटो घ्या. प्रत्येकात मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी हवी. ओळखीच्या खुणेचा जवळून वेगळा फोटो. फ्लॅश टाळा, दिवसाच्या सावलीतला उजेड चांगला. अलंकार आणि वस्त्रे उतरवून घेतलेला निदान एक संच हवा. पुजाऱ्यांना विश्वासात घेऊन अभिषेकाच्या वेळी तो घेता येतो.

शिलालेखासाठी टॉर्च एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि लेख उठून दिसतो. खडू, भस्म, तेल, हळद चोळू नका. खडू खाचांत बसतो, तेल धूळ धरते. शाईचा ठसा घेणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे आणि संरक्षित स्मारकात त्याला खात्याची परवानगी लागते.

फोटो व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवले की त्यांचा दर्जा घटतो आणि तारीख-वेळेची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा थेट उतरवून घ्या.

मूर्ती आणि पोथ्या सुरक्षित जागी हलवायच्या तर परवानगी कुणाची?

मालकी आणि नोंद बघून ठरते. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या स्मारकातून खात्याखेरीज कुणीही काही हलवायचे नाही. मुजराई खात्याच्या (राज्यातल्या देवस्थानांचा कारभार बघणारे सरकारी खाते) देवस्थानात त्या खात्याची लेखी संमती घ्या. खासगी ट्रस्ट असेल तर पंचांचा ठराव.

१९७२ च्या कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे वगैरे पुरावशेष ठरतात; ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय महत्त्वाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. त्यांपैकी अधिसूचित प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. नोंदलेली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली तरी ती खबर नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. लोक ‘विकली तरच कळवायचे’ असे समजतात. बँकेच्या लॉकरमध्ये स्वतःच्या नावाने ठेवणे वेगळे आणि संग्रहालयाकडे सांभाळायला देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात ताबा बदलतो, म्हणून कळवा. देशाबाहेर नेण्याचा तर विचारही नको. तो हक्क केंद्र सरकारचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेचाच आहे.

मूळ प्रतिष्ठित मूर्ती सहसा हलवू नये. धर्मभावनेचा भाग आहेच, पण खाली शिशात किंवा चुन्यात बसवलेली मूर्ती उपटताना पायाशी मोडते. उत्सवमूर्ती, मुखवटे, प्रभावळी, दागिने, ताम्रपट आणि पोथ्या आधी. अ, ब, क असे तीन गट आजच ठरवून ठेवा. अ गट म्हणजे तासाभरात निघायला हवे ते. त्यात जितक्या वस्तू दोन माणसे प्रत्यक्षात उचलून नेऊ शकतात तितक्याच घाला. सगळेच अ गटात घातले की प्रसंगी भांडण होते आणि काहीच निघत नाही.

बांधाबांध कशी करायची?

धुतलेले, खळ नसलेले सुती कापड सर्वांत भरवशाचे. वर्तमानपत्र वस्तूला थेट लावू नका; शाई उतरते, कागद आम्लधर्मी असतो. रबर बँड नको, सेलोटेप नको. ताडपत्री पोथी दोन लाकडी फळ्यांत ठेवून सुती फितीने हलकी बांधा आणि आडवीच ठेवा. ताणून बांधली की पाने कडेला चिरतात. ताम्रपटाची कडी आणि मुद्रा कधीही कापू नका, पुराव्यातला निम्मा जीव तिच्यात असतो. धातूला हातमोजे घालून हात लावा; घामाचे डाग महिन्याभरात हिरवे होतात.

पत्र्याची ट्रंक चांगली. आफ्रिकेतल्या माली देशात टिंबक्टूची हस्तलिखिते २०१२ मध्ये पत्र्याच्या पेट्यांतूनच राजधानी बामाकोला हलवली गेली. पण आपल्याकडे पाऊस आहे. खानापूरच्या पावसाळ्यात बंद पत्र्याच्या आत दव साठते. म्हणून तळाशी लाकडी पट्टी, वस्तूंभोवती कापड, सिलिका जेलच्या पुड्या, आणि ट्रंक जमिनीपासून निदान वीतभर उंच. प्लॅस्टिकमध्ये पोथी हवाबंद करणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. एका पेटीचे वजन १५ ते २० किलोंच्या वर नको. पेटीवर फक्त क्रमांक लिहा, आतल्या वस्तूचे नाव नको.

वाळूची पोती रचून मूर्ती-शिल्पे वाचतात का?

स्फोटाच्या कपच्या आणि हादऱ्याचा पहिला झोत बऱ्याच प्रमाणात अडतो. थेट आघात अडत नाही. चुकीची रचलेली पोती मात्र बॉम्ब न पडताही शिल्प मोडतात, म्हणून थोडे सविस्तर.

पहिली गोष्ट वजन. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १६०० किलो भरते. दोन मीटर लांब, दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद अशी भिंत म्हणजे दीड घनमीटर, जवळपास २४०० किलो. ओली झाली की आणखी जास्त. जुन्या देवळाच्या फरसबंदीखाली पोकळी किंवा पाण्याची मोरी असेल तर फरशी तडकते. आधी जमीन ठोकून बघा, स्थापत्य अभियंत्याला दाखवा.

दुसरी जागा. भिंत शिल्पाला टेकवायची नाही. मध्ये निदान एक वीत मोकळी सोडा. टेकलेली ओली पोती दगडात पाणी आणि क्षार सोडतात, आणि खचली की सगळा भार शिल्पावर येतो. मधल्या फटीत हवा खेळली पाहिजे, वरून पाणी आत येऊ नये म्हणून उतरते छप्पर हवे. शिल्पाला प्लॅस्टिक गुंडाळून वर पोती रचणे हा सर्वांत वाईट प्रकार.

तिसरी वाळू. कारवार-गोव्याकडची खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असते. ते दगडात शिरून पांढरे फुटते आणि पृष्ठभाग उडवते. धुतलेली नदीची वाळू किंवा एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या, पावती ठेवा. बेकायदा उपशाची वाळू देवस्थानच्या गळ्यात येते.

पोती दोन-तृतीयांशच भरा, तोंड दुमडून खाली दाबा, विटांसारखी सांधे चुकवून रचा आणि प्रत्येक थर चोपा. तळ रुंद, वर निमुळता. तागाची पोती पावसात कुजतात, नायलॉनची उन्हात काही महिन्यांत फाटतात. झाकून ठेवा आणि दर पंधरवड्याला बघा. संरक्षित स्मारकात हे सगळे पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीच.

झाकणे किंवा लपवणे हा करारभंग आहे का?

नाही. १९७१ च्या युद्धात ताजमहाल कापडाने झाकला होता. मात्र झाकलेल्या वास्तूत लष्करी सामान ठेवले तर गोष्ट पार बदलते.

देवळाजवळ बंकर किंवा खंदक खणायचा आहे.

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, आणि संरक्षित जागेत खोदकाम तर परवानगीशिवाय करताच येत नाही. शक्यतो पलीकडची जागा बघा. खोदताना नाणी, मूर्ती, ताम्रपट निघाले तर काम थांबवा, वस्तू धुऊ-पुसू नका आणि तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. गुप्तधन लपवणे हा वेगळा गुन्हा आहे. बेळगावलगत वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघाले आहेत. आपल्या मातीत असे काही निघणे नवलाचे नाही.

गावकऱ्यांना देवळाच्या मंडपात आसरा दिला तर?

बिनधास्त द्या. नागरिकांचा आसरा म्हणजे लष्करी वापर नव्हे. स्वयंपाकाची चूल आणि गॅस सिलिंडर मात्र मंडपाबाहेर.

आणि सैन्याने उतरायला जागा मागितली तर?

वाद घालू नका, पण लेखी मागणी विचारा आणि पर्याय सुचवा : शाळा, मंगल कार्यालय, एपीएमसीची शेड. पर्यायांची यादी आधीच तयार असेल तर अधिकारी बहुधा तीच घेतात, त्यांनाही सोयीचे असते. वास्तू संरक्षित आहे हे कागदासह सांगा आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी व पुरातत्त्व खात्याला कळवा. सैनिकाने केलेली लूट हा सेना अधिनियम १९५० खालीही गुन्हा आहे.

गोंधळाचा फायदा घेऊन मूर्ती चोरीला गेली तर?

तक्रार त्याच दिवशी, यादीतले पान आणि फोटो जोडून. देवस्थानातली मूर्ती चोरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. परकीय सैन्याने व्यापलेल्या भागातून वस्तू बाहेर गेली, तर पहिल्या प्रोटोकॉलनुसार लढाई संपल्यावर ती परत करावी लागते, आणि युद्धाची भरपाई म्हणून ती कधीच ठेवून घेता येत नाही.

कागद भिजले, आता?

दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तेवढाच वेळ हातात असतो. चिकटलेली पाने ओढून सुटी करू नका. पंख्याची हवा द्या, ऊन नको, इस्त्री तर नकोच. पानांमध्ये कोरा टिपकागद घाला आणि ओला झाला की बदला. ढीग मोठा असेल तर लहान गठ्ठे करून शीतपेटीत गोठवा. गोठवल्याने बुरशी थांबते आणि तज्ज्ञ येईपर्यंत वेळ मिळतो. शाई पाण्यात पसरणारी असेल तर ती पाने आधी घ्या.

सीमाप्रश्नाचे आंदोलन, बंद, दगडफेक यांना हा करार लागतो का?

नाही. हेग करार सशस्त्र संघर्षासाठी आहे : दोन देशांत, किंवा देशाच्या आत संघटित सशस्त्र गटांशी चाललेला. राज्यांच्या सीमेचा वाद न्यायालयात आणि रस्त्यावर कितीही तापला तरी तो त्यात बसत नाही. अशा वेळी फलक, पुतळा, देऊळ यांची नासधूस झाली तर साधा फौजदारी कायदा आणि स्मारक कायदा. कंबोडिया-थायलंड सीमेवरच्या प्रेह विहार मंदिराचा दाखला इथे कधीकधी दिला जातो. ती दोन देशांची सीमा आहे, तिथे सैन्ये लढली; आपल्याला तो दाखला गैरलागू आहे.

आजवर कुणाला खरोखर शिक्षा झाली आहे का?

झाली आहे. दुब्रोवनिकच्या माऱ्यासाठी नौदल अधिकारी मिओद्राग योकिच याला २००४ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. टिंबक्टूतल्या नऊ समाध्या आणि एका मशिदीचे दार फोडल्याबद्दल अहमद अल माहदीला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये नऊ वर्षे दिली. भारत त्या न्यायालयाचा सदस्य नसल्याने इथल्या घटनेची वाट वेगळी असेल : देशातली न्यायालये, लष्करी न्यायालये आणि राजनैतिक दावे.

अर्ज कुणाकडे, कोणत्या भाषेत?

केंद्र संरक्षित स्मारकासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे धारवाड मंडळ. राज्य संरक्षित असेल तर राज्याचे पुरातत्त्व, वस्तुसंग्रहालय आणि वारसा खाते. कशातच नोंद नसेल तर जिल्हाधिकारी. तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. सांस्कृतिक वारसास्थळांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, अर्जात त्यांचा उल्लेख करा. किल्ल्याबाबतच्या पत्राची एक प्रत कॅन्टोन्मेंट बोर्डालाही द्या.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तक्रार-निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, म्हणून मराठी अर्ज नाकारणे योग्य नाही. तरीही वस्तूंच्या यादीला कन्नड प्रत जोडा. हक्क आपल्या जागी. पण रात्री दोन वाजता पेटी उचलायला येणारा अग्निशमन जवान किंवा पोलीस यादी वाचू शकला पाहिजे. गावांची नावे दोन्ही रूपांत लिहा : हलशी-हलसी, देगाव-देगांवी. नावातल्या फरकामुळे फाइल दुसऱ्याच तालुक्यात जाते.

यादी एकदा केली की झाले?

वर्षातून एकदा, जत्रेआधी सगळे साहित्य बाहेर काढता तेव्हा, ताडून बघा. नवीन तडा, बदललेली जागा, नवे विश्वस्त, बदललेले फोन नंबर यांची नोंद करा आणि तारीख घालून दोन पंचांच्या सह्या घ्या. जुने पान फाडू नका, नव्या पानाच्या मागे लावा. वस्तूची अवस्था कधी बदलली, हे त्यावरूनच दाखवता येते.